अर्जदार विरुद्ध आई

जनावरांचं डॉक्टर व्हायचं तर जनावरांशी जमावं लागतं, एवढीच थोरलीची समजूत होती. (घरात धाकटं कोणी नव्हतं, तरी तिला थोरलीच म्हणत.) ते तिचं जमत होतं. घोडं अडलं ते माणसांपाशी. कॉलेजच्या प्रवेश-अर्जासोबत तीन शिफारसपत्रं मागितली होती: एक शिकवणाऱ्याचं, एक काम देणाऱ्याचं, आणि एक ‘अर्जदाराला निदान पाच वर्षे ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या, समाजातील प्रतिष्ठित व्यक्तीचे’.

पहिली दोन चुटकीसरशी मिळाली. जीवशास्त्राच्या बाईंकडे छापील नमुनाच होता. मेहनती, वक्तशीर, सुस्वभावी असं सगळं तयार, फक्त नावाची जागा कोरी. “तू कुठल्या वर्षीची गं?” असं विचारत बाईंनी तिथे नाव घातलं आणि ‘हिला मी अगदी जवळून ओळखते’ या वाक्याखाली झोकात सही केली. दुसरं पत्र डॉक्टरांचं. त्यांच्या दवाखान्यात थोरली कित्येक वर्षं कुत्री धरत होती, मांजरांचे ओरखडे खात होती आणि मालकांची समजूत घालत होती. डॉक्टरांनी लेटरहेडच्या कोऱ्या कागदाच्या तळाशी सही ठोकली आणि म्हणाले, “वरचं तूच लिही. हात आखडू नकोस. नाहीतर लोक म्हणतील डॉक्टर कद्रू आहे.” स्वतःची स्तुती स्वतः लिहिताना थोरलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण लिहिली.

राहिली प्रतिष्ठित व्यक्ती.

“आपल्या ओळखीत प्रतिष्ठित कोण आहे?” तिने जेवताना विचारलं. बाबांनी घास थांबवून बराच विचार केला आणि पुन्हा जेवायला लागले. बाबांचं बोलणं मुळातच मोजकं. घरातलं बोलायचं काम आईकडे होतं.

“खाली जजसाहेब आहेत की,” आई म्हणाली.

“ते मला कुठे ओळखतात?”

“ओळखत कसे नाहीत? तुझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या पेपरवर पडतं. दर वेळी लेखी नोटीस येते. पाच वर्षांच्या ओळखीचा पुरावा त्यांनी स्वतःच फाइल करून ठेवलाय.”

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे तर पायरी चढायची नव्हती, उतरायची होती, म्हणून थोरलीला वाटलं असेल की ही म्हण आपल्याला लागू नाही. ती अर्ज घेऊन खाली गेली.

जजसाहेबांनी चष्मा पुसला, अर्ज वाचला, उलटा करून मागची बारीक अक्षरंही वाचली. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ लोटला होता, पण घरातसुद्धा ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्याचं बटण लावून बसत. शेजारी काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, लोकर विणत होत्या.

“यात लिहिलंय, ‘मी अर्जदारास पूर्णपणे ओळखतो’,” साहेब म्हणाले. “मी तुला पूर्णपणे ओळखतो का?”

“नाही, काका. पण सगळेच असं लिहून देतात.”

“सगळे काय करतात हा पुरावा होत नाही. मला तुझ्याबद्दल एवढंच ठाऊक आहे की तू झाडांना प्रमाणाबाहेर पाणी घालतेस. ऐकीव माहितीवर मी आयुष्यात कधी सही केलेली नाही. हे प्रकरण रीतसर चालवावं लागेल.”

थोरलीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी सुया न थांबवता सांगितलं, “चालवू दे गं त्यांना. रिटायर झाल्यापासून दुधात पाणी आहे की नाही, यावरसुद्धा ते निकाल राखून ठेवतात. चहा नासतो माझा.”

“शनिवारी सकाळी पहिली सुनावणी,” साहेबांनी जाहीर केलं. “साक्षीदार घेऊन ये. आणि सामनेवाला कोण?”

“कोण?”

“विरुद्ध बाजू. तू प्रवेशाला लायक आहेस असं तुझं म्हणणं. नाहीस असं म्हणणारं कोणीतरी हवं. एकाच बाजूचं ऐकून दिलेला निकाल हा निकाल नसतो, कौतुक असतं.”

थोरली वर आली आणि हसत हसत सगळं सांगितलं. “आता माझ्याविरुद्ध बोलायला माणूस कुठून आणू?”

“मी आहे ना,” आई म्हणाली.

थोरली आणखी हसली. आई हसली नाही. ओट्यावरचं फडकं पिळून वाळत टाकत म्हणाली, “कुणीतरी करायलाच हवं ना? मग तुला ओळखतच नाही अशा माणसाने केलेलं बरं, की मी केलेलं बरं?”

*

शनिवारी साहेबांच्या हॉलमधलं जेवणाचं टेबल खिडकीपाशी सरकवलेलं होतं. त्यामागे साहेब. एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला आई, तिची ठेवणीतली साडी नेसून आणि हातात मुद्द्यांचा कागद घेऊन. बाबा मागच्या सोफ्यावर. इमारतीतल्या बऱ्याच मंडळींना वास लागला होता, तीही जागा मिळेल तिथे टेकली होती. काकूंनी लोकरीचा गुंडा खाली ठेवला आणि दारात जाऊन खणखणीत आवाजात डॉक्टरांचा पुकारा केला.

डॉक्टरांना थोरलीने फक्त ‘माझ्याबद्दल दोन शब्द बोलायचेत’ असं सांगितलं होतं. पण आत येऊन टेबल, साहेब आणि गर्दी पाहताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बसायच्या आधीच ते म्हणाले, “ते मांजर आणलं तेव्हाच अर्धमेलं होतं.”

“कुठलं मांजर?” साहेबांनी विचारलं.

“कुठलंच नाही,” डॉक्टर म्हणाले.

“नोंद घ्या,” साहेब काकूंना म्हणाले. “साक्षीदाराने न विचारलेल्या मांजराचा उल्लेख केला.”

डॉक्टर जरा सावरले तेव्हा बोललेही बरं. मुलगी हुशार आहे, चावरं कुत्रंसुद्धा हिच्यासमोर शेपूट हलवतं, हिच्यावाचून दवाखान्याचं पान हलत नाही. थोरलीचा जीव भांड्यात पडला. मग आई उलटतपासणीला उभी राहिली. तिने डॉक्टरांचं शिफारसपत्र त्यांच्यापुढे धरलं.

“हे पत्र तुमचं?”

“सही माझी आहे.”

“मी सही विचारली नाही, पत्र विचारलं. यात लिहिलंय, अर्जदार ‘सहानुभूतिशील’ आहे. हा शब्द तुम्ही याआधी कधी वापरलाय?”

डॉक्टरांनी थोरलीकडे पाहिलं. “चांगला शब्द आहे,” ते म्हणाले.

“यातला भू ऱ्हस्व की दीर्घ?”

डॉक्टर खिशात रुमाल शोधू लागले.

“साहेब, यांना माहीत नसणारच,” आई म्हणाली. “कारण हा शब्द लिहिताना अर्जदाराने तो भू स्वयंपाकघरात येऊन मला विचारला होता.”

हॉलमध्ये कुजबुज उसळली. थोरलीला वाटलं, आपल्या पायाखालची फरशी सरकली. साहेबांनी पत्र हातात घेतलं, उजेडात धरलं आणि शांतपणे म्हणाले, “अर्जदाराने अर्जदाराबद्दल दिलेलं मत ग्राह्य धरता येत नाही. हे पत्र रद्द.”

तिसरं पत्र मिळवायला आलेली थोरली दुसरंही घालवून बसली. ताकाला गेली आणि दूधही सांडलं.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे नवीन पत्र स्वतःच्या हाताने लिहून द्यावं, असा हुकूम झाला. डॉक्टर घाम पुसत कोपऱ्यात बसले. औषधाच्या चिठ्ठ्यांपलीकडे त्यांनी बऱ्याच वर्षांत काही लिहिलं नव्हतं. खूप खाडाखोड करून त्यांनी जे दिलं, ते असं होतं: ‘मुलगी चांगली आहे. रोज सकाळ-संध्याकाळ. परिणाम लगेच दिसतो. दुष्परिणाम आढळले नाहीत. दीर्घकाळ चालू ठेवावी.’

“अस्सल आहे,” साहेब म्हणाले आणि शिक्का मारल्यासारखी मूठ टेबलावर आपटली.

त्या दिवशी जेवताना थोरलीने भाजीचं भांडं आईकडे सरकवलंसुद्धा नाही. शेवटी राहवेना, तेव्हा तिने विचारलं, “आई, तुला मी जायला नकोय का?”

आई भात कालवत होती. “सुनावणी चालू असताना प्रकरणावर घरात बोलायचं नाही, असं साहेबांनी सांगितलंय,” ती म्हणाली.

थोरलीने बाबांकडे पाहिलं. बाबा पाण्याचा तांब्या भरायला उठले.

*

पुढच्या सुनावणीला कोपऱ्यावरचा शिंपी आला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं आणि खोक्यात त्याचं कासव. हे कासव दुकानाच्या फळीवरून पडून त्याची पाठ तडकली होती, तेव्हा थोरलीने ती दवाखान्यात सांधली होती. नंतर कितीतरी दिवस ती येता-जाता दुकानात शिरून त्याला औषध लावत असे.

“हे कासव बघायला ही रोज यायची, साहेब,” शिंपी सांगू लागला. “मी म्हणायचो, पोरी, एवढं माझ्यासाठी कोणी करत नाही. तर म्हणते, तुम्ही तक्रार करू शकता, ते करू शकत नाही.”

साहेबांना ते वाक्य आवडलेलं दिसलं, पण त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. “साक्षीदाराला हजर करा,” ते म्हणाले.

कासव टेबलावर ठेवण्यात आलं. त्याने हातपाय, डोकं, सगळं आत घेतलेलं होतं. साहेब वाकून बघत राहिले. काकूंनी पेन उचलून धरलं होतं, त्यांचा हात दुखायला लागला.

“साक्षीदाराने तोंड उघडण्यास नकार दिला,” साहेबांनी शेवटी सांगितलं. “सामनेवाल्यांना काही विचारायचंय?”

“हो,” आई म्हणाली आणि शिंप्याकडे वळली. “हे कासव हळू चालतं, बरोबर?”

“हो बाई.”

“उपचाराच्या आधीपासून हळू चालायचं, की उपचारानंतर?”

शिंपी गडबडला. “आता… बाई, ते कासवच आहे.”

“हो किंवा नाही, एवढंच सांगा.”

“नंतर जरा जास्तच हळू,” शिंपी म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्याने हबकून थोरलीकडे केविलवाणं पाहू लागला.

थोरली उठली. कासवाजवळ गेली, त्याच्या पाठीच्या सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “त्याचं वजन वाढलंय. तुम्ही दिवसभर त्याला खायला घालता. कवच चांगलं भरलंय. कासव अंगाने जाड झालंय म्हणून हळू चालतं.” कासवाने हळूच डोकं बाहेर काढलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि टेबल ओलं केलं.

“हे कोणाच्या बाजूने धरायचं?” काकूंनी विचारलं.

साहेबांनी आपले कागद घाईघाईने उचलले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “कोर्ट याचा विचार करेल. पुढची तारीख महिनाअखेर.”

अर्ज भरायची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपत होती. थोरलीने तसं नम्रपणे सांगितलं. साहेब म्हणाले, तारखा कोर्टाच्या सोयीने पडतात, पक्षकारांच्या नाही. तिने पुन्हा सांगितलं. साहेबांनी पुन्हा तेच सांगितलं. आणि मग इतके दिवस निमूट ऐकून घेणाऱ्या थोरलीचा बांध फुटला.

“काका, त्या तारखेला माझा अर्ज मेलेला असेल!” ती ओरडली. “गाय मेल्यावर तिच्या शिंगांना तेल लावून काय उपयोग? मी शिफारस मागायला आले होते, फाशी माफ करा म्हणायला नव्हते! माझी दोन पत्रं होती, त्यातलं एक तुम्ही खाल्लंत. माझी आई माझ्याविरुद्ध उभी केलीत. एक कासव विनाकारण घाबरवलंत. तुम्हाला न्याय करायचा असेल तर दुधाचा करा. मला पत्र द्यायचं तर द्या, नाहीतर नाही म्हणा!”

वरच्या मजल्यावरचे आजोबा, जे पहिल्यापासून पेंगत होते, ते टक्क जागे झाले.

साहेबांनी अर्ज पुढे ओढला. त्यातल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. “‘अर्जदाराचे दबावाखालील वर्तन’,” त्यांनी वाचलं आणि काकूंकडे वळले. “लिहून घ्या. उशिरा रागावते. मुद्द्यावर रागावते. रागातसुद्धा मुक्या जनावराला विसरत नाही.” मग थोरलीला म्हणाले, “तारीख अलीकडे आणली. परवा अंतिम युक्तिवाद.”

थोरली आपल्या जागेवर जाऊन बसली. तिला रडू येत होतं की हसू, हे तिचं तिलाच कळेना.

*

परवा म्हटल्याप्रमाणे परवा सगळे जमले. थोरलीला फारसं बोलायचंच नव्हतं. “मला हे काम येतं थोडंसं, आणि नीट शिकायचंय,” एवढं बोलून ती बसली.

आई उभी राहिली. तिने मुद्द्यांचा कागद उघडला, चाचपला आणि म्हणाली, “चष्मा राहिला वाटतं वर.” थोरलीने सवयीने हात पुढे केला आणि आईच्या डोक्यावरचा चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. आईने तो जरा सारखा केला. मग कागदातलं वाचू लागली.

“मुद्दा पहिला. हे कॉलेज दुसऱ्या गावी आहे. मुद्दा दुसरा. पाच वर्षांचं शिक्षण आहे, त्यानंतर ही कुठे जाईल याचा भरवसा नाही. तिसरा. हिच्या बाबांशी दिवसभर कोण बोलणार? ते माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण मीच बोलते. चौथा. गॅसचं सिलिंडर. पाचवा. संध्याकाळी दार वाजलं की मला कळतं ही आली, पायातलं काढण्याच्या आवाजावरून कळतं. आता दार वाजलं तर…” तिने कागद उलटा केला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. “आता दार वाजलं तर तो कुरिअरवाला असणार,” ती म्हणाली.

साहेबांनी समोरचे कागद सरळ केले. मग जरा खाकरून म्हणाले, “सामनेवाल्यांनी एकही मुद्दा अर्जदाराविरुद्ध मांडलेला नाही. सगळे मुद्दे अर्जदाराच्या गैरहजेरीविरुद्ध आहेत.”

“मग ते चालत नाहीत का?” आईने विचारलं.

“चालतात,” साहेब म्हणाले. “पण ते शिफारशीच्या बाजूने धरावे लागतात.”

आई बसली. पदराने चष्मा पुसू लागली. थोरलीला उठून तिच्याजवळ जायचं होतं, पण पक्षकारांनी जागा सोडू नये असा नियम होता आणि काकू त्याबाबत कडक होत्या. तिने मागे वळून पाहिलं तर बाबा छताकडे बघत होते.

निकाल मुदतीच्या शेवटच्या दिवशी तयार झाला. चांगला जाडजूड होता, हिरव्या दोऱ्याने बांधलेला. तो घेऊन थोरलीने तशीच गाडी पकडली. कॉलेजच्या खिडकीवरच्या कारकुनाने तो हातात घेऊन वजन केल्यासारखा खालीवर हलवला. “पत्र एका पानाचं लागतं,” तो म्हणाला.

“शेवटचं पान पत्रच आहे,” थोरली म्हणाली. शेवटच्या पानावर खरोखर एकच ओळ होती: ‘उभय पक्षांचे ऐकून, साक्षीपुरावा पाहून, मी अर्जदारास ओळखतो.’ खाली सही होती. कारकुनाने ती ओळ पुन्हा वाचली, आजूबाजूला पाहिलं आणि सगळा गठ्ठा आत सरकवला.

मुलाखतीला तीन प्राध्यापक होते. तिघांच्या पुढ्यात अर्जांची चळत होती. तीत सगळेच्या सगळे मेहनती, वक्तशीर, सुस्वभावी होते. हिरव्या दोऱ्याचा गठ्ठा मात्र तिघांत फिरून फिरून मऊ पडला होता आणि त्यावर चहाचे डाग होते.

“कासव कसं आहे?” पहिल्याने विचारलं.

“बरं आहे. खाणं कमी केलंय.”

“ते मांजर कुठलं?” दुसऱ्याने विचारलं.

“ते कोर्टालाही कळलं नाही,” थोरली म्हणाली.

तिसऱ्या प्राध्यापकबाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “घरच्यांची हरकत नाही ना?”

“हरकत आहे,” थोरली म्हणाली. “पण ती नोंदवलेली आहे.”

तिला प्रवेश मिळाला. घरी निरोप पोहोचला तेव्हा आईने सगळ्या इमारतीत पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली, साहेबांच्या दारात उभी राहून ‘आमचीच आहे ती’ असंही म्हणाली. थोरलीला वाटलं, झालं, मिटलं एकदाचं.

पण साहेबांनी निकालाच्या खाली, सवयीने असेल किंवा नियमाने असेल, एक बारीक तळटीप घातली होती. नाराज पक्षाला अपील करता येईल. आईने थोरलीची ट्रंक भरून दिली, स्टेशनवर जाऊन खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली, गाडी नजरेआड होईपर्यंत हात हलवला आणि घरी परतताना खालच्या मजल्यावर थांबून अपील दाखल केलं.

स्वतःच्याच निकालावरचं अपील साहेबांना ऐकता येईना. “वरचं कोर्ट कुठलं?” असं त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि उत्तर शेजारीच विणत बसलेलं होतं. तेव्हापासून टेबलामागे काकू बसू लागल्या आणि साहेब दारात उभं राहून पुकारा करू लागले. पुकारा त्यांना जमत नसे, आवाज चिरकत असे. पण काकूंचं कोर्ट झटपट चाले आणि मध्ये चहा मिळे, म्हणून गर्दी पूर्वीपेक्षा जास्त होऊ लागली.

थोरलीला हे कळलं ते गोठ्यात. पहिल्या वर्षाच्या मुलांना गाईचं तापमान घ्यायला शिकवत होते. तिचा एक हात शेपटीखाली होता आणि दुसऱ्या हातात फोन.

“शनिवारी तारीख आहे,” आई म्हणाली. “तू हजर राहणार का?”

“आई, मी शिकायला आलेय! माझा प्रवेश झालाय. आता कसलं अपील?”

“ते तू काकूंना सांग. येता येत नसेल तर वकील दे. नाहीतर एकतर्फी निकाल लागेल, आणि तो मला नकोय. मजा नाही त्यात.”

“आता वकील कुठून आणू?”

पलीकडे काहीतरी खुडबुड झाली. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

“मी घेतलंय तुझं वकीलपत्र,” बाबा म्हणाले.

थोरलीला आधी वाटलं चुकीचा नंबर लागला. बाबा फोनवर कधी बोलत नसत. फोन वाजला तर ते तो उचलून आईकडे नेऊन देत.

“तुझ्या आईची तयारी जबरदस्त आहे,” ते दबक्या आवाजात म्हणाले. बहुधा फोन घेऊन ते गॅलरीत आले होते, कारण मागे कुंड्यांत पाणी पडल्याचा आवाज येत होता. “मला काही माहिती नाही, अशी माझी पंचाईत झालीय. अशिलाने वकिलाला सगळं सांगावं लागतं. तेव्हा तू मला सुरुवातीपासून सांग. सकाळी किती वाजता उठतेस? जेवण कसं आहे? खोलीत आणखी कोण आहे? आत्ता, या क्षणी काय करतेयस?”

“आत्ता मी एका गाईचा ताप बघतेय, बाबा.”

“आहे का ताप?”

“थोडासा आहे.”

“मग तिचं बघ आधी,” बाबा म्हणाले. “मी थांबतो. फोन ठेवू नकोस.”

तिने थर्मामीटर पुसून उजेडात धरला, आकडा वहीत लिहिला, गाईच्या पाठीवर थाप मारली. मग गोठ्याबाहेर येऊन चारा ठेवायच्या कट्ट्यावर बसली आणि फोन कानाला लावला. बाबा खरोखरच थांबले होते. खालून साहेबांचा आवाज आला, पेपर पुन्हा ओला झाल्याची लेखी नोटीस देण्यात येईल म्हणून, आणि बाबांनी त्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

“हं, बोल,” ते म्हणाले. “मी लिहून घेतोय.”